एक वीत, दोन बोटं

“जग इकडचं तिकडे होईल, पण माझी वीत बदलायची नाही!” असं थोरल्या जाऊबाईंनी जाहीर केलं आणि नुकताच कापलेला चौकोन जुन्या चौकोनावर ठेवला. जुन्याची कड खालून बोटभर बाहेर आली, जीभ काढून वेडावल्यासारखी.

धाकटी जाऊ सुईत दोरा ओवून बसली होती. ती या घरात आली त्याच आठवड्यात वाटणी झाली होती: थोरलीने कापायचं, धाकटीने शिवायचं. पुढे संसारातही तीच पद्धत पडली. घरखर्च असो, पाहुणे असोत, मुलांची लग्नं असोत, थोरली कापून मोकळी व्हायची आणि धाकटी शिवत बसायची.

ही गोधडी धाकटीच्या लेकीच्या बाळासाठी. लेकीच्या लग्नानंतर घातलेला घाट. निम्मे चौकोन झाले, थोरलीचे सांधे धरले आणि सगळं ट्रंकेत गेलं. आता बाळ पोटात लाथा मारू लागलं, तेव्हा ट्रंक उघडली.

“जुने ताणलेत,” थोरली म्हणाली.

“ट्रंकेत?”

“दाबून ठेवलं की ताणतंच कापड. तुला काय कळतंय त्यातलं!”

थोरलीने पुन्हा माप घेतलं. अंगठा टेकवला, करंगळी टेकवली, वर दोन बोटं, खडूची खूण. कात्री कुरकुरत चालली. चौकोन पुन्हा बोटभर कमी. मग दोष कात्रीकडे गेला, कात्रीकडून खडूकडे आणि तिथून आतल्या खोलीत झोपलेल्या थोरलीच्या नवऱ्याकडे.

“त्यांच्या घोरण्याने टेबल हलतंय. माप कसं राहील?”

लेकीचा लहानपणचा निळा फ्रॉक संपत आला होता. आता त्यात एकच चौकोन निघाला असता, तोही नीट कापला तर.

धाकटीने मघाशीच पाहिलं होतं. चूक कापडाची नव्हती. थोरलीची बोटं पेरांशी सुजून वाकली होती आणि पंजा गंजलेल्या छत्रीसारखा अर्धाच उघडत होता.

हा क्षण धाकटीने जन्मभर मनात घोळवला होता. टेप काढायचा, टेबलावर टाकायचा आणि थंडपणे म्हणायचं, ‘ताई, चुकलात.’ पुढची वाक्यंसुद्धा पाठ होती. आता प्रसंग आयता चालून आला, तर तिला नुसता शीण आला. शिवणाचा डबा उघडून ती उगाच बटणं चाचपत राहिली.

“ताई, यंदा कडेने पट्टी लावू या का? लाल. उठून दिसेल.”

“का? मी काय कमी कापलंय?”

“छे हो. मलाच हौस.”

“तुला हौस? या घरात आल्यापासून तू कधी...”

थोरली मध्येच थांबली. तिने धाकटीकडे पाहिलं, मग जुन्या चौकोनाकडे. हात त्यावर ठेवला. अंगठा एका कडेला बसला. करंगळी वाटेतच थांबली. धाकटीने ती बोटं हळूच चोळून उघडून पाहिली. उघडेनात.

“दुखतंय?”

“नाही,” थोरली म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने तिने कोपराने कात्री पुढे सरकवली.

“तू काप. बाळाच्या अंगावर तोकडं जायला नको.”

“मी?”

“मग काय त्यांना उठवू? आणि टेपबिप लावशील तर बघ. तुझी वीत लाव. चांगली पसर पंजा, कंजूषपणा करू नकोस.”

कात्री समोर पडली होती. धाकटीने ती उचलली नाही. तिने थोरलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि नुसती बसून राहिली. आतलं घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज आला, पुन्हा सुरू झालं.

“हात सोड गं आता,” शेवटी थोरली म्हणाली. “नाक खाजतंय माझं.”