मेंदू मिळाला, किल्लीसकट

लोक तिला क्लचबाई म्हणत. दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच! आधी क्लच!" असं ओरडत ती गाडी शिकवायची. तिची सर्वांत हट्टी विद्यार्थिनी म्हणजे तिची सासू. साठी उलटलेल्या सासूबाईंची परीक्षा तोंडावर आली आणि नेमकी तेव्हाच गाडीने मान टाकली.

किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन पेट घेईना, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तर लागेचना. मेकॅनिकने बॉनेटखालचा चपटा डबा उघडला. पाणी झिरपून आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या.

"हा इंजिनाचा कॉम्प्युटर. मेंदूच गेला म्हणा ना! नवा आता येत नाही. द्या गाडी भंगारात."

"मेंदू नाही म्हणून टाकून द्यायचं ठरवलं," सासूबाई म्हणाल्या, "तर आमच्या घरात माणूस उरणार नाही."

दुसऱ्या गाडीवर परीक्षा द्यायला त्या तयारच नव्हत्या. शेवटी क्लचबाईने बिघडलेला डबा पिशवीत टाकला, गाडीची बॅटरी रिक्षात ठेवली आणि दोघी गावाबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या भंगारवाड्यावर पोचल्या.

मालकाने एक डबा पुढे केला. "घ्या. सगळे सारखेच."

तिने दोन्ही डब्यांवरचे नंबर ताडून पाहिले. शेवटचं अक्षर वेगळं होतं. "हा ऑटोमॅटिकचा. माझी गिअरची गाडी आहे."

"एका अक्षराने काय होतंय?"

"काय होतंय ते रस्त्यावर मलाच निस्तरावं लागेल."

मग तिने पदर खोचला आणि गाड्यांच्या रांगाच धुंडाळायला घेतल्या. सासूबाई सावलीत बसल्या नाहीत. दुसऱ्या टोकाने त्याही निघाल्या. हाक आली ती त्यांचीच. "अगं, ही बघ! आपलीच बहीण!"

मागून चेपलेली, पण पुढून धडधाकट गाडी होती. आतल्या डब्याचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला. क्लचबाईने आपली बॅटरी जोडली आणि त्याच गाडीची किल्ली फिरवली. पिवळा दिवा लख्खकन लागला, म्हणजे हा मेंदू जिवंत होता.

"डब्याबरोबर ही किल्ली आणि तिचं कुलूपही काढून द्या," ती म्हणाली. "हा डबा माझ्या किल्लीला ओळखणार नाही."

मालक वैतागला. "आता कुलूपही?"

"नवरा काय एकटा मिळतो?" सासूबाई म्हणाल्या. "सासू बरोबर येतेच!"

मालक खो खो हसला आणि पाना घेऊन स्वतःच गाडीत शिरला.

परत आल्यावर मेकॅनिकने मान हलवत, पण मन लावून सगळं बसवलं. क्लचबाईने किल्ली फिरवली. दिवा लागला. स्टार्टर घरघरला, आणि पुढच्याच क्षणी इंजिन असं काही गुरगुरलं की मेकॅनिकने हातातला पाना टाकून टाळ्याच वाजवल्या. क्लचबाईने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. हसू आणि रडू एकदमच आलं.

"सरक तिकडे," सासूबाई दार उघडत म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी चढावर गाडी थांबवली आणि तसूभरही मागे न सरकता पुन्हा उचलली. परीक्षकाने "पास" म्हणताच त्या सुनेकडे वळल्या.

"आता तू मागे बस," त्या ऐटीत म्हणाल्या, "आणि ओरडायचं नाही."