एकोणीस ओळी

मुलीने पिशवीतून प्रवाळाचा बोटभर तुकडा काढला आणि बाईंच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. तुकडा पांढराफटक पडला होता.

"लावलेली तिसरी खेपही मेली, मॅडम. कुठली जात किती वाढते, किती उष्णता सोसते, काही माहीत नाही. नुसतं अंधारात चाचपडतोय."

बाईंची ही जुनी विद्यार्थिनी आता प्रवाळांची रोपवाटिका चालवत होती. तिला हवी असलेली दोन हजार प्रवाळांची मोजमापं बाईंच्या संगणकात पडून होती. ती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संग्रहात टाका, म्हणून ती सहा वर्षं मागे लागली होती, आणि बाई "तपासणी चालू आहे" म्हणत दरवेळी वाटाण्याच्या अक्षता लावत होत्या.

तपासणी कसली नि काय! मोजणीच्या तिसऱ्या वर्षी एके दिवशी उलट्यांनी बेजार झालेल्या बाई पाण्यात उतरल्याच नव्हत्या. एकोणीस आकडे त्यांनी होडीत बसूनच लिहून टाकले होते. तेवढे कुणाच्या नजरेस पडले तर जन्मभराची अब्रू जाईल, या भीतीने त्यांनी सगळ्यालाच कुलूप घातलं होतं.

आज त्यांना त्या तुकड्याकडे बघवेना. त्यांनी संगणक मुलीकडे वळवला.

"घे. टाक सगळं."

मुलगी खुर्ची ओढून सरसावून बसली. संग्रहाचा तक्ता भरता भरता तिने विचारलं, "या रकान्यात काय लिहू? मोजलेलं की अंदाजाने?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चारशे बारा ते चारशे तीस या ओळी अंदाजाने," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "अंदाजानेही नाही. मनाचे आहेत."

मुलीची बोटं थांबली. पुन्हा खटखट सुरू झाली.

"गाळल्या त्या ओळी. बाकीच्यांवर आमचं भागेल."

"झालं?"

"दोन मिनिटांचं तर काम."

तिने रागवावं, चार शब्द सुनवावेत, असं बाईंना फार वाटलं. पण ती पडद्याकडेच बघत राहिली.

"आमच्याकडे सगळे तुमच्या नावाने बोटं मोडायचे," ती हळूच म्हणाली. "मी भांडायचे त्यांच्याशी. म्हणायचे, मॅडम तपासल्याशिवाय एक आकडा बाहेर सोडत नाहीत."

निघताना तिने तुकडा उचलायला हात पुढे केला.

"तो राहू दे इथेच," बाई म्हणाल्या.