चुना मारलेले चौकोन

ज्ञानदाने गाडी बांधाला लावली आणि कुरणाकडे पाहिलं. उतारावर कमरेएवढं गवत डोलत होतं आणि त्यात दहा ठिकाणी टक्कल पडलं होतं. प्रत्येक टक्कल बरोबर एक मीटर लांब, एक मीटर रुंद. कडेच्या दगडांना पांढराशुभ्र चुना.

हेच ते दहा चौकोन. सांगलीच्या कुरणं राखणाऱ्या संस्थेत लागल्यावर तिने गेल्या वर्षी स्वतः खुंट्या ठोकून ते आखले होते, त्यातल्या एकेका जातीच्या गवताची वजनासह नोंद केली होती. औंधच्या मागच्या अंगाचं हे म्हसोबाचं कुरण वर्षभर राखल्यावर चांगलं गवत वाढलं का, हे साताऱ्याच्या सरकारी कचेरीतले देवदत्त साहेब आज अकरा वाजता याच चौकोनांत तपासणार होते. वाढलं असेल तरच अनुदानाचा पुढचा हप्ता. तो नाही आला तर राखणदार बंद, आणि सोमवारच्या ग्रामसभेत कुरण मुरुमाच्या खाणीला द्यायचा ठराव तयारच होता.

सव्वानऊ वाजले होते.

राखणदार सयाजी म्हसोबाच्या दगडाशी उभा होता. फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. कडक इस्त्री, आणि चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान.

“काका, हे कुणी कापलं?”

“म्याच की ताई, काल सांजच्याला. इन्स्पेक्शन हाय म्हटल्यावर खुंटीभवती असं रान माजलेलं ठिवतंय व्हय कोण? आमच्या पलटणीत साहेबानं कातडी सोलली असती.”

तेच गवत मोजायचं होतं, हे तिने सांगितलं तेव्हा त्याने खाली वाकून चुना लागलेला एक दगड उगाच सरळ केला.

तोवर सरपंच क्रांतीताई आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ताडलं आणि उपायही सांगितला. “खुंट्या चार पावलं वर सरकवा. गवत तेच, माती तीच. साहेबाला काय कळतंय?”

ज्ञानदाला राग आला, कारण बाईंचं बरंचसं खरं होतं. चार पावलं वर उत्तर कदाचित तेच आलं असतं. पण गेल्या वर्षीचे आकडे या जागेचे होते. दुसऱ्या जागेचे आकडे त्यांच्या शेजारी लिहायचे म्हणजे वाढ मोजायची नाही, रचायची. तिने खुंट्यांना हात लावला नाही. घड्याळात साडेनऊ झाले होते.

“कापलेलं गवत कुठं टाकलंत?”

हा प्रश्न मात्र सयाजीला लागला. “टाकीन कशाला? दिवाळी-पाडव्याला कुरण कापाया सुटल्याबिगर हितली काडी कुनी घरला न्हेत न्हाई. म्हसोबाम्होरंच हाय.”

दगडापलीकडे दहा पेंढ्या एका रांगेत मांडल्या होत्या. प्रत्येकीला चिंधी बांधलेली, चिंधीवर खुंटीचा नंबर.

“नंबर घातलेत तुम्ही?”

“सरकारी माल हाय. कुठला कुठनं आला, सांगाया नगो?”

ज्ञानदा तिथेच खाली बसली आणि पहिली पेंढी सोडली. चांगल्या चाऱ्याचं मारवेल एका बाजूला, पवन्या दुसऱ्या, गुरं टाळतात ती टोचरी कुसळी तिसऱ्या. गवत तुऱ्यावरून ओळखायचं असतं, आणि तुरा कापल्यावरही तोच राहतो. क्रांतीताईही पदर खोचून बसल्या. कुसळं लुगड्यात घुसली तशी त्यांनी साताऱ्याच्या साहेबाच्या चार पिढ्यांचा उद्धार केला, पण हात थांबवला नाही. सात नंबरची पेंढी कुणाच्या तरी वासराने अर्धी खाल्ली होती. ती भरून काढायला त्यांनी शेजारचं गवत उपटलं. ज्ञानदाने ते बाजूला ठेवलं आणि वहीत सातपुढे ‘बाद’ लिहिलं.

आठवी पेंढी सुटत होती आणि जीप आली. अकराला वीस मिनिटं होती.

देवदत्त साहेब बोडक्या चौकोनांमधून एकटेच फिरून आले. तोंड उघडायच्या आत सयाजी टाचा जुळवून पुढे झाला.

“कसूर माजी हाय साहेब. ताईंचा काय संबंध न्हाई.”

“आहे,” ज्ञानदा म्हणाली. “तपासणी आहे एवढंच मी कळवलं. कापू नका, हे सांगायचं मला सुचलं नाही.”

साहेबांनी वही घेतली. नंतर स्वतःच उकिडवे बसले, दहा नंबरची पेंढी सोडून तुरे बोटांत फिरवत वेगळे करू लागले. आठ आणि नऊ नंबर ज्ञानदा आणि क्रांतीताईंनी उरकले. साहेबांनी जीपमधला वजनकाटा आणून एकेक ढीग त्यावर ठेवला आणि वहीतल्या गेल्या वर्षीच्या पानाशी ताडला. कुसळी कमी झाली होती, मारवेल-पवन्या वाढले होते. नऊही चौकोनांत.

“सातचं काय झालं?”

“वासरानं खाल्लं,” ज्ञानदा म्हणाली.

“तसंच लिहा.” त्यांनी शेरा लिहिला: चौकोन कापलेले, नऊ चौकोनांचं गवत जागेवर हजर, हप्ता द्यावा. सही करून ते उठले आणि कपड्यांची कुसळं काढत सयाजीजवळ थांबले.

“पुढच्या वर्षी चुना नको, हवालदार.”

“आन् गवत, साहेब?”

“उभं असू दे.”