अठ्ठावन्न किलो

"दीदी, साइज़ चाहिए या टोनिंग?" विकीने विचारलं.

"अठ्ठावन्न किलो उचलायचेत," मी म्हटलं.

"कब तक?"

"लवकर."

तो हसला. बीरगांवातली ही जिम टायरच्या दुकानावर होती. उरल्याच्या कारखान्यांतली पाळी सुटली की कामगार पोरं लोखंडाच्या धुळीसकट इथं चढत. बायकांसाठी सकाळी एक तास. विकी मराठी घरातला, त्याला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं.

"लेडीज़ लोग मशीन पे करते हैं, दीदी. हल्का वजन, पंद्रह-पंद्रह बार. फिगर बन जाती है."

"ते अठ्ठावन्न किलो म्हणजे माझे बाबा आहेत."

त्याचं हसू गेलं.

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. सहा वर्षांपूर्वी लकव्याने बाबांची डावी बाजू गेली. तेव्हापासून आईच त्यांना सकाळ-संध्याकाळ पलंगावरून खुर्चीत बसवायची. मीराबाई, अंगणवाडी सेविका, उंची चार फूट दहा इंच, वजन कसंबसं पंचेचाळीस. हे तिला कसं जमतं, असं मी कधी विचारलं नाही. माझं ऑफिस लांब, छत्तीसगढच्या नव्या राजधानीत हललेलं, बस लवकरची. घरी असले की पुस्तकात डोकं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी बाबांना उठवायला गेले आणि ते माझ्या हातांतून निसटले. शेजारचे येईपर्यंत आम्ही दोघं फरशीवर बसून होतो. त्यांच्या कपाळाला खोक पडली होती आणि ते मला विचारत होते, "तुले लागलं का, पोरी?"

त्यानंतर मी त्यांना फक्त कुशीवर वळवत राहिले. कमरेखालची कातडी आधी लाल झाली, मग काळपट. डॉक्टर म्हणाले, रोज दोनदा बसवा, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. म्हणजे उचललं नाही तर ते कुजणार, आणि उचललं तर माझ्या हातून पडणार. रात्री दुसऱ्या खोलीत त्यांच्या खोकल्याकडे कान लावून मी याच दोन गोष्टी उलटसुलट करत असे.

भीती वाटली की मी वाचते. हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायचं. मध्यम वजन दहा-बारा वेळा, स्नायू भरायला. जड वजन पाचच वेळा, ताकदीला. बाबांना वाचून दाखवलं. अठ्ठावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेला माणूस डोळे मिटून ऐकत होता.

"मशीनवर शिकशील त मशीनलेच उचलशील," ते म्हणाले. "जड घे. थोडं घे. पण जमिनीवरून घे."

ठरलं. जमिनीवरचा रॉड, पाच-पाच वेळा. वीस किलोंपासून सुरुवात. तोवर घरी कूस बदलणं आणि मलमपट्टी. विकी शेजारी उकिडवा बसून ओरडायचा, "पीठ सीधी, दीदी! पीठ!" सातव्या आठवड्यात साठ किलो वर आले. त्याने टाळ्या वाजवल्या. मी घाम न पुसताच घरी आले.

"बाबा, आज बसवते."

त्यांना पलंगाच्या कडेला आणलं. काखेखालून हात घातले, पाठ सरळ ठेवली, श्वास धरला, ओढलं. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. उजव्या हाताने त्यांनी माझी मान आवळली. आम्ही दोघं एका बाजूला कललो. कसंबसं मी त्यांना पलंगावर परत ढकललं. रॉड कधी घाबरला नव्हता.

"काहून न विचारता उचलून राहिली?" त्यांना धाप लागली होती. "मिलमंधी असं कोणी उचलत नाही. सळई दोघांची राहते. एकानं 'हव?' म्हणाचं. दुसरा 'हव' म्हणल्याबिगर हलवाचं नाही. गंगाधरनं एकडाव घाई केली. पाय गेला त्याचा."

"हव," म्हणजे हो. आमच्या गल्लीतल्या छत्तीसगढी बायांच्या तोंडी मी तो शब्द हजारदा ऐकला होता.

"आईला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी सांगतलं. रोज विचारे तुझी माय. कधी कधी मी अर्धा घंटा 'हव' म्हणत नव्हतो. भेव वाटे. मंग इथंच भाजी निवडत बसे, म्हणे, 'तुमचं होऊ द्या, मले कोणती गाडी पकडाची हाय?'"

मी पुन्हा हात घातले. "हव?"

त्यांचं काळीज माझ्या गालाजवळ धडधडत होतं.

"मलाही भीती वाटते, बाबा."

"मालूम हाय."

बाहेरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार विरला.

"हव," ते म्हणाले.

त्यांच्या उजव्या पायाने फरशी रेटली आणि ते वर आले. मी त्यांना खुर्चीकडे वळवू लागले.

"थांब जराशी."

आमच्या समोरच रस्त्यावरची खिडकी होती. तिची खालची झडप बंद, वरची उघडी. सकाळच्या पाळीची माणसं सायकलींवरून उरल्याला निघाली होती. बाबांनी उजवा हात खिडकीच्या गजावर ठेवला.

"अरे, गुलाबराव भैया!" रस्त्यावरून कुणीतरी ब्रेक दाबला. "भाभी गईं तब से दिखे ही नहीं. हम तो समझे बिस्तर पकड़ लिए!"

"नहीं रे नाना. थोड़ी तबीयत ढीली थी."

म्हणजे सहा वर्षं ही गल्ली त्यांना रोज सकाळी या खिडकीत उभं बघत होती. आई बुटकी. खालच्या झडपेआड त्यांना धरून उभी असलेली ती कुणाला दिसली नसणार.

मी तिच्याहून वीतभर उंच. गुडघे वाकवले आणि डोकं बाबांच्या छातीपाशी आणलं. मांड्या पेटल्या. विकीच्या पाच-पाचमध्ये उचलणं होतं, असं थांबणं नव्हतं. नाना पुतणीच्या लग्नाचं सांगत होते, कुठला हॉल, किती पाहुणे, जेवणात काय. बाबा निवांत विचारत होते, मुलगा काय करतो, घर कुठं.

मी त्यांच्या पाठीमागे माझंच मनगट घट्ट धरलं आणि आणखी थोडी खाली वाकले.