सेहेचाळीस सेंटिमीटर

मी एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, मालकाने रडवेलं तोंड केलं तरी पाघळायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे वहिनीच्या गाडीचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा दादाने ती कामगिरी माझ्यावर सोपवली, यात त्याची काहीच चूक नव्हती.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओतकामाच्या कारखान्यात लाकडी नमुने बनवायचा. आधी नमुना, नमुन्यावरून साचा, साच्यातून वस्तू. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात. याने मागच्या खोलीत कार्बन फायबरची गाडी करायला घेतली. तीन चाकं, बॅटरी, एक सीट. वहिनीच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला पुलापलीकडे बहिणीकडे जायचं तर कुणाची तरी विनवणी करावी लागायची. तो ‘कुणीतरी’ मीच होतो, आणि दर खेपेला मला नेमकं काहीतरी काम निघायचं. गाडीच्या कल्पनेला सर्वांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

“बसायची रुंदी तेवढी घेऊन ये,” दादा म्हणाला. “आरपार. तुझा हात बसलेला आहे.”

हात तराजूवर बसलेला होता, वहिनीच्या कमरेवर नव्हता. ज्या बाईने मला नोकरीच्या परीक्षेची गणितं शिकवली, तिला मी टेप गुंडाळू? ओसरीत दोघांच्या दोन सारख्या वेताच्या खुर्च्या आहेत. वहिनी तिच्या खुर्चीत पेपर वाचत बसली होती, म्हणून मी शेजारची, दादाची खुर्ची मोजली. हातापासून हातापर्यंत चाळीस सेंटिमीटर. कागदावर लिहून, खाली तारीख घालून, सहीसुद्धा ठोकली. सवय.

तो कागद दादाने खोलीच्या भिंतीला चिकटवला आणि त्याच्याबरहुकूम फोमच्या लाद्या कापून नमुना उभा केला. वर पुट्टी, मग पॉलिश पेपर. आधी जाडा, मग बारीक, मग पाण्यात भिजवून अजून बारीक. पाच महिने. डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, “इथे आहे.” काय आहे ते मला कधी दिसलं नाही. पेपरचे दोन फराटे मारल्यावर ते नाहीसं झालं, असंही तोच सांगायचा.

नमुन्यावर प्रायमरचा शेवटचा हात बसला त्या दुपारी मी ओसरीत गेलो. वहिनी आत गेली होती, तिची खुर्ची रिकामी होती. खुर्चीला डावा हात नव्हता. करवतीने कापलेला, टोक घासून गुळगुळीत केलेलं.

“हे कधी?” मी दादाला हाक मारून विचारलं.

“ऑपरेशननंतर. ती मावेना, म्हणून मीच कापला. छान झालंय ना?”

“छान झालंय,” मी म्हणालो.

तेव्हा नमुना फोमचाच होता. मध्ये चिरून पट्टी घातली असती तर फार तर आठवड्याचं काम. पण दादा त्या दिवशी इतका खूश होता की म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्याने नमुन्याला मेण लावलं. परवा त्यावर फायबरचा साचा चढायला लागला. साचा सुटेपर्यंत थांबू, म्हटलं. कुणा दुकानदाराने मला असली कारणं दिली असती तर मी त्याचा परवानाच काढून घेतला असता.

साच्यात कार्बनचं काळं कापड अंथरून, राळ पाजून, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तिच्यातली हवा उपसून गाडीचं अंग तयार झालं. प्लॅस्टिकच्या पाचरी मारून ते सोडवलं तेव्हा ‘टक्’ असा गोड आवाज आला. दादा आधी स्वतः बसला. वेताच्या काठीसारखा माणूस. “शिवल्यासारखी बसली रे!” म्हणाला. बसणारच. मापच त्याच्या खुर्चीचं होतं.

मग वहिनी बसली, म्हणजे अर्धी बसली, आणि अडकली. पत्रा असता तर ठोकून वाढवला असता. कार्बन तसूभर हलत नाही. तिला बाहेर काढायला आम्ही दोघांनी खांदे धरले. दादाची नजर एकदा पाचरींकडे गेली, पण लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्याने त्यांना हात लावला नाही.

“माझंच वाढलंय हो,” वहिनी म्हणाली.

“मापात खोट नाही,” दादा भिंतीवरच्या कागदाकडे बघत म्हणाला. “मी तीनदा ताडून बघितलंय. सही आहे त्याची.”

त्या दिवसापासून वहिनीने संध्याकाळचं जेवण सोडलं. मी रोज त्यांच्याकडेच जेवायचो. ती आम्हा दोघांना वाढायची आणि समोर काकडीच्या चकत्यांची बशी घेऊन बसायची. “भावजी, घ्या ना अजून.” नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून मी घ्यायचो. दोन महिन्यांत ती सहा किलो उतरली. त्यातले चार माझ्या अंगावर आले.

एका सकाळी तिने मला ओसरीत बोलावलं. कपडे तिच्या अंगावर टांगल्यासारखे दिसत होते.

“परत बसून बघितलं. अजून मावत नाही. मांस उतरतं हो, हाड कसं उतरवू?” ती हळूच म्हणाली. “मी त्यांना सांगणारे, ताईकडे जायची हौसच राहिली नाही म्हणून. तुम्ही फक्त हो ला हो करा. वर्षभर राबलेत ते. त्यांची गाडी चुकली असं नको व्हायला.”

मी हो म्हणालो आणि तसाच मागच्या खोलीत गेलो. दादा साच्याला मेण लावत होता.

“दादा, ते माप वहिनीचं नाही. खुर्चीचं आहे.”

“कोणत्या?”

“तुझ्या.”

मेणाचं फडकं थांबलं. “कळलं कधी तुला?”

“प्रायमरच्या दिवशी.”

त्याने हिशेब केला असावा. पाच महिने मी हे लपवलं होतं. मग त्याने भिंतीवरचा कागद काढला, सही नीट वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवला. मार्कर घेऊन साच्याच्या मधोमध, नाकापासून शेपटापर्यंत, सरळ रेघ ओढली.

“काय करतोस?”

“कापायचा. मध्ये पट्टी घालायची, मग नवं अंग काढायचं. जोड घासून घालवायचं काम तुझं. मी डोळे मिटून बघणार.” त्याने टेप माझ्या हातात दिली. “आधी माप. आणि तिला तूच सांगायचं. मी येणार नाही.”

वहिनी स्वयंपाकघरात काकडी चिरत होती. मी सगळं सांगितलं, खुर्चीपासून प्रायमरपर्यंत. सुरी थांबली.

“म्हणजे मी दोन महिने...”

“हो.”

“आणि तुम्ही समोर बसून दोनदा दोनदा वाढून घेत होतात.”

“हो, वहिनी.”

तिने भरलेली बशी माझ्यापुढे सरकवली. “ह्या आता तुम्ही खायच्या. रोज. मी पुलापलीकडे जाईपर्यंत.” मग बिनहाताच्या स्टुलावर जाऊन बसली आणि दोन्ही हात वर केले. “घ्या. आणि हसलात तर बघा.”

हसायची माझी छाती नव्हती. गुडघ्यांवर बसून मी टेप धरली. दोनदा मोजलं.

“चव्वेचाळीस.”

“सेहेचाळीस लिहा,” ती म्हणाली. “आज संध्याकाळी मी जेवणार आहे.”