उपाशी पोटचं रक्त

माझे सासरे पुंजाजी, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, माया कधी तोंडानं दाखवत नसत. सासूबाई गेल्यापासून ते शेतातल्या खोपीतच झोपायचे आणि आमची कुत्री चिमी त्यांच्या पायाशी. कोणी विचारलं की म्हणायचे, "कुत्रं हाये, पडून राह्यते." मला त्यांचा हा आव मुळीच पटत नसे, पण सुनेनं बोलायचं कुणाला?

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चिमीच्या पोटाखाली, आचळाजवळ, लिंबाएवढी गाठ आली. तिला धामणगाव बढ्याला गुरांच्या दवाखान्यात न्यायचं मीच ठरवलं. "कुत्र्याले कोनी दवाखाना दावते काय?" असं म्हणत मामाजींनी स्वतःच बैल जुंपले.

डॉक्टर इंगळे तिथे नवेच आले होते. गाठ चाचपून ते म्हणाले, "कॅन्सर दिसतो. कापून काढता येईल, पण आधी रक्त पाहू. रक्त चांगलं असलं तर ही पुढे जगेल असा अंदाज बांधता येतो. वाईट असलं तर कापून नुसते हाल. उद्या उपाशी पोटी आणा."

त्या रात्री चिमीला मी सरपणाच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. मामाजी शेतात गेले नाहीत, ओसरीवर झोपले.

सकाळी डॉक्टरांनी तिच्या पायातून रक्त काढून काचेच्या नळीत खिडकीत ठेवलं. रक्त गोठून खाली बसलं की वर फिकट पिवळं पाणी सुटतं, असं ते म्हणाले होते. वर आलं ते दुधासारखं पांढरं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"हिनं काही खाल्लं का?"

"नाई," मी ठासून सांगितलं. "कडी मीच लावली होती."

"उपाशी कुत्रीचं रक्त असं येत असेल, तर आत बिघाड मोठा आहे. अशा रक्तावर मी चाकू धरणार नाही. पुढे हाल होतील, त्यापेक्षा इंजेक्शन देऊन तिला शांत झोपवू."

मामाजी खाली बघत उभे होते. डॉक्टर कपाटाकडे वळले, सुई काढू लागले.

"थांबा," मामाजी म्हणाले. "म्या चारलं तिले. पाहाटे. भाकर आन् लोनी."

"किती लोणी?"

"गाडग्यात होतं तेवढं. तुमी रगत काढनार, म्हनलं अंगात बळ असू द्यावं."

ते लोणी मी तुपासाठी साठवलं होतं, आणि रिकामं गाडगं पाहून सकाळी बिचाऱ्या मांजरीचा उद्धार केला होता.

डॉक्टरांनी सुई परत ठेवली आणि ते खो खो हसत सुटले. "काका, एवढं लोणी खाल्ल्यावर रक्त पांढरंच दिसणार. उद्या पुन्हा आणा."

मला मात्र हसू आलं नाही. सासरे आहेत हे विसरून मी बोलले, "मामाजी, तुमची माया तिच्या जिवावर उठली असती."

"हाव, बाई," ते एवढंच म्हणाले.

रात्री त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, कडीले कुलूप लाव आन् किल्ली तुह्यापाशी ठेव. माहा माह्यावर भरोसा नाई." स्वतःही जेवले नाहीत. ती उपाशी असताना घास उतरत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळीत वरचं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं आलं. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला. मामाजी त्यांच्या पाठीमागे उभे.

"रक्तात तरी वाईट खूण दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "हमी कोणीच देणार नाही. पण ही ऑपरेशन सोसेल आणि पुढेही जगेल, असं मला वाटतं."

"पुन्यांदा सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मामाजींनी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग ते बाहेर येऊन अंगणात मातीतच बसले, चिमीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ढसाढसा रडू लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बैल धरून उभा असलेला एक माणूस जवळ आला आणि हळूच विचारता झाला, "गेली काय, बाबा?"

मामाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"नाई ना बे," ते म्हणाले. "जगते म्हनते."