मागे कोण उभं आहे

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात धाडसाची फार टंचाई आहे, असा शोध मालकांना लागला. कोणी स्वतःहून काही ठरवतच नाही! चिकटपट्टीचं नवं रीळ फोडायचं तरी माणूस केबिनच्या दारात येऊन उभा. विचारल्याशिवाय रीळ फोडणाऱ्याला आपण सगळ्यांसमोर कसा फाडून खाल्ला होता, हे मालक सोयीस्कर विसरले होते. त्यांच्या मते खोट माणसांच्या काळजात होती. आणि काळीज दुरुस्त करून देणारा एक प्रशिक्षक दिवसाच्या बोलीवर मिळत होता.

प्रशिक्षक आला तोच कानाला माइक अडकवून. त्यानं गोदाम रिकामं करून घेतलं, मधोमध पॅकिंगचं उंच टेबल ठेवलं आणि सगळ्यांना ओरडायला लावलं, ‘मी वाघ आहे!’ हिशेबनिसांनी तेवढ्यासाठीही आधी मालकांकडे पाहून परवानगी घेतली.

मग मुख्य खेळ. टेबलावर चढायचं, सगळ्यांकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि खुशाल मागे झोकून द्यायचं. खाली सहकारी उभे असणार, ते झेलणार. की झालात तुम्ही धाडसी!

“पहिला मान साहेबांचा,” प्रशिक्षक म्हणाला. “झेलणारे मी निवडतो.”

टाळ्यांच्या कडकडाटात मालक टेबलावर चढले. छाती पुढे, पोट जमेल तेवढं आत. पाठ फिरवण्याआधी त्यांनी सहज खाली नजर टाकली आणि पाठ फिरवायचंच विसरले.

प्रशिक्षक बिचारा परका माणूस, त्याला काय ठाऊक! डावीकडे त्यानं उभा केला होता ड्रायव्हर. मोडकी सीट बदलून द्या म्हणाला, तर मालकांनी त्याला ‘उभ्यानं चालव’ असा सल्ला दिला होता. उजवीकडे कटिंगवाला, दोन उन्हाळे पंखा मागणारा. त्याच्या शेजारी हिशेबनीस. आणि अगदी मधोमध, नेमकं मालकांचं डोकं जिथे येणार तिथे, पॅकिंगच्या बाई. बाकीच्यांनी हात पुढे केले होते खरे, पण कोणी उसने पैसे मागितले की खिशाकडे जातात तसे, अर्धेच. बाईंनी तर हाताची घडी घातली होती.

शेवटी मालकांनी पाठ फिरवली.

“ड्रायव्हर,” ते समोरच्या भिंतीला म्हणाले, “ती तुझी सीट... उद्याच बदलून घे.”

मागे जरा हालचाल झाली.

“आणि कटिंगला पंखा हवा होता ना? लावून टाकू. हिशेबनीस, तुम्ही शनिवारी लवकर जात जा.”

“बघा, बघा, कसे मोकळे होतायत साहेब!” प्रशिक्षकाला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा खेळ कोणाच्या तरी उपयोगी पडत होता.

मालकांनी खांद्यावरून हळूच पाहिलं. हात चांगले कोपरापासून सरळ झाले होते. हाताची घडी मात्र तशीच होती.

“बाई, तुमची ती रजा...” त्यांनी सुरुवात केली आणि त्यांची जीभ अडखळली.

रजेचं आता काय करायचं होतं? वडील अंथरुणाला खिळलेत, जाऊन येते, असं सांगत बाई केबिनच्या दारात उभ्या होत्या. मालक फोनवर बोलत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘माल जाऊ दे, मग जा.’ माल वेळेवर गेला. बाई पोचल्या तेव्हा घराबाहेर माणसं जमली होती. परत आल्यावर त्यांनी पुन्हा खोकी भरायला घेतली, एका शब्दानंही बोलल्या नाहीत, आणि मालकांनी ती गोष्ट मिटली असं धरलं.

ती मिटली नव्हती, हे मालकांना आत्ता टेबलावर कळलं. हिला द्यायला आपल्याकडे सीट नाही, पंखा नाही, शनिवार नाही. दोन शब्द होते, तेही फुकटचे. पण ते काही केल्या ओठांवर येईनात.

“भीती वाटतेय का, साहेब?” प्रशिक्षकानं विचारलं.

“छे! कंबर,” मालक म्हणाले. “डॉक्टरांनी मनाई केलीय.” आणि एकेक पाय जपून टेकवत ते खाली उतरले. कोणी हसलं नाही. हसायलाही धाडस लागतं, आणि ते शिकवणं अजून बाकी होतं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “मी हात पुढे करणारच होते. तुम्हाला पडू दिलं नसतं.”

“अं?”

“फक्त जरा ताटकळत ठेवणार होते. तुमच्या दारात मी उभी होते ना, तेवढंच.”

मालक लाजेनं कानापर्यंत तापले. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि टेबलावर चढल्या.

“तुम्ही माझ्या जागी उभे राहा.”

“मी? अहो, दुसरं कोणी...”

“नको. तुम्हीच.”

बाईंना भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. त्यांच्या टाचा थरथरत होत्या आणि त्या टाचा नेमक्या मालकांच्या डोळ्यांसमोर होत्या. मागे कोण उभं आहे, हे या गोदामात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळे मिटले आणि मागे झोकून दिलं.

कंबरबिंबर विसरून मालक धावल्यासारखे पुढे झाले. कितीतरी हात आले, पण डोकं आलं ते त्यांच्याच हातांवर. त्यांना एकदम रडूच कोसळेल असं वाटलं.

“चुकलं माझं, बाई,” ते कसेबसे पुटपुटले.

बाईंनी डोळे उघडले.

“मोठ्यानं म्हणा, साहेब. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”